आजोबांचं लढाईतलं पत्र ओल्या फडक्याने पुसू नका

माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली आली की घरात कुणाला तरी आधी फडकंच आठवतं. साताऱ्याकडच्या एका घरात हे माझ्या डोळ्यांदेखत झालं. पहिल्या महायुद्धातलं पत्र, त्यावर धुळीचा थर. नातसुनेने पदराचं टोक ओलं करून कोपरा पुसला आणि करडी अक्षरं बघता बघता जांभळी होऊन ओळभर पसरली. ती साधी पेन्सिल नव्हती, कॉपिंग पेन्सिल होती. तिच्या शिशात जांभळा रंग मिसळलेला असतो, पाणी लागलं की तो सुटतो. आघाडीवर दौत कोण सांभाळणार, म्हणून पुष्कळ पत्रं अशाच पेन्सिलीने लिहिलेली असतात. तेव्हा मऊ कोरडा ब्रश घ्या, हलक्या हाताने फिरवा, बस्स. कागद दमट असेल तर सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर वाळू द्या. कडक उन्हात टाकू नका.

फाटलेल्या घडीवर सेलोटेप आणि जपायचं म्हणून लॅमिनेशन, या दोन्ही गोष्टी प्रेमापोटी होतात आणि दोन्ही वाईट. टेपचा चिकटा पिवळा पडून कागदात मुरतो, लॅमिनेशन तर पुन्हा निघतच नाही. आधीच केलं असेल तर सोलायला जाऊ नका, आहे तसंच स्कॅन करा. फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तरी तेच: ओढू नका, काचेसकट स्कॅन करा. ओढला तर चेहरा काचेवर राहतो आणि हातात कोरा पुठ्ठा येतो.

आता माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक. पत्र ठेवतात, पाकीट फेकतात. पत्रात शिपायाला ठिकाण लिहायची मुभा नसे, पत्र सेन्सॉर होई. ‘इकडील सर्व क्षेम’ एवढंच वाचून काका म्हणतात, मजेत होते की! ते मजेत होते की नाही, हे त्या ओळीवरून कळत नाही. पाकिटावरच्या फील्ड पोस्टाच्या, म्हणजे आघाडीवरच्या लष्करी टपालाच्या, शिक्क्यातला क्रमांक आणि तारीख मात्र जुळवून बघता येते, पलटण त्या महिन्यात कुठे होती याचा माग लागतो. पाकीट आणि पत्र एकत्रच ठेवा, आणि दोन्हींच्या दोन्ही बाजू स्कॅन करा.

फोटोचंही तसंच. फ्रेममध्ये बसेना म्हणून पुठ्ठ्याच्या कडा कापतात आणि स्टुडिओचं नाव-गाव केराच्या टोपलीत जातं. खांद्यावरचा आकडा भिंगाने बघा. ११० असेल तर फोटो बहुधा १९२२ च्या आधीचा, कारण त्या साली पलटणींची फेररचना झाली आणि ११० वी मराठा ही पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन झाली. एप्रिल १९१६ मध्ये इराकमधल्या कुतला शरण जावं लागलेल्या फौजेत ११० वी होती, आणि १० जुलै १९४४ ला इटलीत लढताना पडलेले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले यशवंत घाडगे याच तिसऱ्या बटालियनचे. घरात मात्र दोन लढाया, दोन भाऊ आणि एक फोटो यांची सर्रास सरमिसळ झालेली असते.

‘हे आजोबांचं अक्षर’ असं अल्बममध्ये लिहिण्याआधीही जरा थांबा. लिहिता न येणारे शिपाई दुसऱ्याकडून पत्र लिहवून घेत. दोन पत्रांची अक्षरं जुळत नसली तर लगेच ‘कुणाचं तरी दुसऱ्याचं’ म्हणून बाजूला काढू नका. मोडीतला कागद तर हमखास ‘जमिनीचा असेल’ म्हणून सातबाऱ्याच्या फायलीत जातो. मोडी वाचणाऱ्याला दाखवा, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी करता येते. मिती शकातली असेल तर सालात ७८ मिळवा, पौषापासून पुढच्या तिथीला बहुधा ७९.

नाव शोधताना एकाच स्पेलिंगवर अडून बसू नका. लढाईत कामी आलेल्यांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या याद्या ऑनलाइन आहेत, पण नावं कारकुनाच्या कानाला आली तशी इंग्रजीत उतरली आहेत. बापाचं नाव, गाव, जिल्हा यांवरून ताडून बघा.

स्कॅन किमान ६०० डीपीआयवर करा आणि मूळ फाइल टिफमध्ये (TIFF, तपशील न गमावणारा फाइलप्रकार) ठेवा. व्हॉट्सअॅपवर फिरलेली प्रत म्हणजे जपणूक नव्हे, तिथे फोटो आकसतो. नावं बॉलपेनने मागे दाबून लिहू नका, पुढच्या बाजूला उमटतात. मऊ शिसपेन्सिल वापरा. आणि आजीला विचारायचं काम स्कॅनिंगच्या आधी करा, मी एकदा उलटं केलं. चाळीस चेहरे लख्ख स्कॅन झाले, पण तोवर नावं सांगणारी म्हातारी गेली होती.

गावातली शिळाही याच दप्तरातली. या गावातून किती माणसं १९१४-१९ च्या लढाईत गेली आणि किती कामी आली, एवढंच तिच्यावर कोरलेलं असतं. सप्ताहाच्या आधी उत्साही मंडळी तिच्यावर ऑइलपेंट चढवतात, आकडे बुजतात. रंग खरवडू नका. अंधार पडल्यावर बॅटरी शिळेच्या बाजूने, अगदी तिरकी धरा. रंगाखालची अक्षरं सावली टाकतात, तेव्हा फोटो काढा.