सेंट पीटर्सबर्गला जाताय? जळगाववाल्याकडून थोडं ऐकून जा

आपल्या खान्देशातून मेडिकलला रशियात जाणारी पोरं आता इतकी झालीत की जळगाव, धुळे, अमळनेर कुठंही विचारा, ओळखीतलं एखादं निघतंच. माझा भाचा सेंट पीटर्सबर्गला आहे, त्याला भेटायला जूनमधे जाऊन आलो, आणि तेव्हापासून ज्याचं पोरगं तिकडं निघालं तो मला फोन करतो, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

आधी पैसे. आपल्याकडचं व्हिसा, मास्टरकार्ड मार्च २०२२ पासून तिथं चालत नाही, एटीएममधेही नाही. डॉलर नाहीतर युरो कॅश न्यायची, नोटा कोऱ्या करकरीत हव्यात आणि बँकेतच बदलायच्या. भाच्यानं बजावलं होतं तरी मी एक नोट चार घड्या घालून पाकिटात कोंबलेली, काउंटरवरच्या बाईनं ती उजेडाला धरून पाहिली, घडीवरून नख फिरवलं आणि काही न बोलता परत सरकवली, परत जळगावला घेऊन आलो तिला.

एअरपोर्टवर मायग्रेशन कार्डाचा छोटा कागद मिळतो तो हरवू नका. राहण्याचं रजिस्ट्रेशन ७ वर्किंग डेजच्या आत लागतं, हॉटेलवाले स्वतः करतात, कोणाच्या घरी राहिलात तर घरमालकाच्या मागं लागून करून घ्या. पासपोर्ट कायम खिशात, आणि पोलीस-मिलिटरी दिसली की मोबाईल खाली.

मोबाईलचं जरा अवघड झालंय. २०२५ पासून परदेशी माणसाला सिम घ्यायचं तर बायोमेट्रिक वगैरे भानगडी आहेत आणि ऑगस्ट २०२५ पासून व्हॉट्सॲप कॉलही अडवलेत, तर घरी आईला आधीच सांगून ठेवा की रोज फोन नाही आला तरी रडारड करू नको. नकाशा ऑफलाईन उतरवून न्या. पाट्या रशियन लिपीत, पण दोन दिवसात जमतं. इंग्रजी पी सारखं दिसतं ते र, सी सारखं ते स, एच सारखं ते न. मी पहिल्या दिवशी 'पेक्टोपाह' 'पेक्टोपाह' वाचत हिंडलो, ते निघालं रेस्तोरान.

मेट्रो झकास आहे, अदमिरालतेयस्काया स्टेशन तर ८६ मीटर खोल, आपल्याकडच्या विहिरीही लाजतील. सरकत्या जिन्यावर उजवीकडं उभं राहायचं, डावी बाजू घाईवाल्यांची. आणि नेवा नदीवरचे पूल! एप्रिल ते नोव्हेंबर रात्री साधारण १ नंतर जहाजांसाठी ते उघडतात ते पहाटे ५ पर्यंत एकेक करून जुळतात, जूनमधे रात्री ११ ला पण उजेड असतो, त्यामुळं वेळेचं भानच राहत नाही आणि माणूस नदीच्या चुकीच्या काठावर अडकतो. रूम कुठल्या काठाला आहे ते बघून ठेवा. पोरांना एक निक्षून सांगा, नदीत उतरायचं नाही. जून २०२४ मधे तिकडच्याच वोल्खोव नदीत आपल्या जळगाव जिल्ह्यातली शिकायला गेलेली पोरं बुडून गेली, विसरण्यासारखं नाही ते.

आता रीतीभाती. म्युझियम, थिएटरात शिरताना जाड कोट 'गार्देरोब'मधे काढून द्यायचा, अंगावर ठेवला की तिथल्या आज्या ओरडतात, मी ऐकून घेतलंय. एर्मिताज, म्हणजे तिथलं मोठं म्युझियम, सोमवारी बंद. चर्चमधे बायांनी डोक्यावर रुमाल घ्यायचा, बाप्यांनी टोपी काढायची, म्हणजे गांधी टोपीवाल्या आप्पांची पंचाईत. दुकानदार हसला नाही म्हणजे चिडला असं नाही. मोठ्यांना, मास्तरांना नुसत्या नावानं हाक मारायची नाही, सोबत बापाचं नाव लावायचं, इवान पेत्रोविच म्हणजे प्योत्रचा पोरगा इवान. आपल्याला हे नवीन नाही.

कोणाच्या घरी गेलात तर बूट दारातच, आतली चप्पल तेच देतात. उंबऱ्यावरून हात मिळवायचा नाही, घरात शिट्टी वाजवायची नाही, पैसा जातो म्हणे (आमची आजीही हेच म्हणायची). फुलं न्यायची तर विषम, समसंख्या मयताला. आपण आहेराला १०१ करतो तसंच की, पण मी शहाणा डझनाच्या हिशोबानं बारा गुलाब घेऊन गेलो भाच्याच्या घरमालकीणबाईंकडं. बाईंनी दारातच मोजले, एक उपसला, वेगळ्या ग्लासात ठेवला, मग हसून आत घेतलं.

खाण्याचं म्हणाल तर व्हेज म्हटल्यावर 'मासे चालतील ना?' विचारतात. 'बेझ म्यासा' म्हणजे मांसाशिवाय, एवढं पाठ करा. मेनूत 'पोस्तनोये' दिसलं तर उपासाचं, त्यात मांस, दूध, अंडं नसतं. शेपू मात्र सगळ्यावर, बटाट्यावर, सूपवर, सॅलडवर, ज्याला आवडत नाही त्यानं घरूनच सोय करावी. दुकानात बरणीत 'बाक्लाझान्नाया इक्रा' मिळते, वांग्याचं शिजवलेलं, आपल्या भरिताची दूरची मावशी समजा, वरून हिरव्या मिरचीचा ठेचा घातला की जमतं. मिरची घरूनच न्या. केळीही मिळतात, पण इक्वाडोरची, रावेरचा माणूस तोंड वाकडं करणारच. नळाचं पाणी उकळूनच प्या आणि बाटली घेताना 'बेझ गाझा' बघून घ्या, नाहीतर भर तहानेत सोडा हाती येतो.

निघताना मालकीणबाईंनी सगळ्यांना बॅगांवर नाहीतर खुर्चीवर मिनिटभर गप्प बसवलं, प्रवासाआधी असं बसायचं असतं. खाली टॅक्सीवाला हॉर्न देतोय, मी उठायला लागलो तर खांद्यावर हात ठेवून पुन्हा बसवलं.