डोमकळीचा तास

पोळा होऊन चार-पाच दिवस झाले होते. सातवीच्या वर्गात मी फळ्यावर फुलाची आकृती काढत होते. निदलपुंज, दलपुंज, पुमंग (पुंकेसरांचा भाग), जायांग. मागच्या रांगेत कुजबुज चालली होती. वळून पाहिलं तर एका मुलाच्या मुठीत कपाशीचं फूल आणि त्यावर चार डोकी झुकलेली. त्याला पुढे बोलावलं ते रागावण्यासाठीच. त्यानं फूल टेबलावर ठेवलं आणि नखानं पाकळ्या सोडवायला लागला. पाकळ्या बारीक जाळ्यानं एकमेकींना चिकटलेल्या होत्या, त्यामुळे फूल उमललंच नव्हतं, गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहिलं होतं. आत परागकणांच्या पिवळ्या भुकटीत तांदळाच्या कणीएवढी अळी वळवळत होती.

"मॅडम, हाऊ किडा जित्ता शे!"

अशा फुलाला डोमकळी म्हणतात हेही त्याला माहीत होतं. वडिलांबरोबर शेतात जाऊन डोमकळ्या तोडायच्या आणि नष्ट करायच्या, हे त्याचं रोजचं काम. लहानपणी पांढुरकी दिसणारी ही अळी पुढे गुलाबी होते, तीच गुलाबी बोंडअळी. मी विज्ञानाची पदवीधर. चोपडा तालुक्यात कपाशीच्या शेतांमधून रोज गाडीवर शाळेत जायचे आणि तोवर एकही डोमकळी उघडून पाहिली नव्हती. त्या दिवशी आकृती अर्धीच राहिली. पुमंग कुठे असतो हे सगळ्या वर्गाला कळलं, कारण अळी तोच खात होती.

यंदा ज्यांना सहावी ते आठवीचं विज्ञान मिळालं आहे, त्यातही जे शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलमधून लांबच्या जिल्ह्यातून जळगाव, धुळे, नंदुरबारकडे आले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. प्रयोगशाळा नाही म्हणून अडून बसू नका. आपल्याकडे अडचण साहित्याची कमी आणि वेळेची जास्त असते. डोमकळी ऑगस्ट-सप्टेंबरात मिळते. फुलाचा धडा तुम्ही जूनमध्ये उरकला किंवा जानेवारीवर ढकलला तर ती तुमच्या टेबलावर येणार नाही. जिवंत गोष्टी धड्यांच्या क्रमानं येत नाहीत.

म्हणून मी जूनच्या पहिल्या आठवड्यात एकच काम करते. पुस्तकातले जीवशास्त्राचे धडे एका बाजूला लिहिते, गावातल्या एखाद्या जाणत्या शेतकऱ्याजवळ बसून दुसऱ्या बाजूला हंगाम लिहिते आणि रेघा ओढते. पेरणी कधी, कपाशीला पाते-फुलं कधी, हरभरा कधी, केळीची कापणी कोणाच्या शेतात कधी. या कागदावर माझं वर्ष चालतं.

शाळा उघडते तेव्हा मृग चालू असतो. पहिला बरा पाऊस पडला की बांधावर मखमलीसारखे लालभडक मृगाचे किडे निघतात. मुलं ते काडेपेटीत भरून आणतात. आधी व्हायची तशी घाई आता मी करत नाही. भिंग देते आणि एवढंच सांगते, पाय मोजा. निम्मा वर्ग सहा सांगतो, कारण किड्याला सहा पाय हे त्यांनी पाठ केलेलं असतं. मग कोणीतरी हट्टानं आठ म्हणतं. पुन्हा मोजणी, भांडण, पुन्हा भिंग. आठच भरतात. म्हणजे मृगाचा 'किडा' कीटक नाहीच, तो कोळी, विंचू, गोचीड यांच्या गोतावळ्यातला. वर्गीकरण हा शब्द मी त्यानंतर फळ्यावर लिहिते. मोजणी झाली की किडे जिथून आणले तिथेच सोडायचे, हा वर्गाचा नियम.

जुलैत डासांच्या अळ्या. टायरमध्ये, फुटक्या माठात साचलेलं पाणी काचेच्या बरणीत घ्या. अळी पाण्याच्या पृष्ठभागाला तिरकी, डोकं खाली करून लटकत असेल तर ती शेपटाकडच्या नळीनं श्वास घेते, एडिस आणि क्युलेक्स तशा. पृष्ठभागाला समांतर पसरलेली असेल तर ॲनोफिलिस. हे मुलं पाच मिनिटांत ओळखायला लागतात. पण बरणीच्या तोंडाला मलमल घट्ट बांधा आणि शनिवारी घरी जाण्याआधी पाणी कोरड्या मातीत ओतून टाका. उन्हाळ्यासारखी उष्णता असली की आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. एकदा जोडून सुट्ट्या आल्या, मी बरणी विसरले आणि सोमवारी कपाटात डास होते. गावात डेंग्यूचे पेशंट असताना ही चूक लहान नव्हती. तेव्हापासून बरणीवर तारीख लिहिल्याशिवाय मी ती वर्गात ठेवत नाही.

कपाशीकडे परत येते, कारण खान्देशात शिकवणाऱ्याला यापेक्षा चांगलं फूल नाही. कपाशीचं फूल उमलतं तेव्हा फिकट पिवळसर-पांढरं असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. मुलांनी हे रोज पाहिलेलं असतं, पण त्यांना विचाराल तर निम्मी म्हणतील की झाडावर दोन रंगांची फुलं येतात. वाद मिटवू नका. प्रत्येकाला पाच दोरे द्या, सकाळी पाच पांढऱ्या फुलांच्या देठाला बांधायला सांगा आणि दुसऱ्या दिवशी त्याच फुलांचा रंग वहीत लिहायला सांगा. एक मुलगी चार दिवस रोज पाच दोरे बांधत गेली. शेवटी वीस फुलांपैकी एक गळालं, एकोणीस गुलाबी झाली. तिनं वहीत लिहिलं होतं, 'दोन रंग नाही, दोन दिवस.' एवढं चांगलं निरीक्षण मी पुस्तकात वाचलेलं नाही.

त्याच आठवड्यात कपाशी, भेंडी आणि जास्वंदीची फुलं शेजारी शेजारी ठेवा. तिन्हीत पुंकेसर एकत्र जुळून नळी झालेली असते आणि त्या नळीतून कुक्षी बाहेर डोकावते. तिन्ही एकाच कुळातली. शेवटी ज्या मुलाला अंगणातली जास्वंद, शेतातली कपाशी आणि भाजीतली भेंडी एकाच घरातली वाटली, त्याला कुळ म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही.

इथे एक गोष्ट कळकळीनं सांगते. कपाशीचं काहीही वर्गात आणण्याआधी फवारणी कधी झाली हे शेतमालकाला विचारा. नुकती फवारणी झालेल्या शेतात मुलं न्यायची नाहीत, तिथलं फूल हाताळायचं नाही, आणि कुठल्याही तासानंतर साबणानं हात धुऊनच खिचडीला बसायचं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेनं दगावले. आपल्या वर्गातली कितीतरी मुलं घरी पंपात पाणी भरून देतात, तेव्हा हा विषय पुस्तकात असो वा नसो, वर्गात बोलायलाच हवा. रुईचं पानही मुलांना तोडू देऊ नका. तिचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. फुलपाखराच्या अळ्या पाहायच्या तर कढीपत्ता आणि लिंबू बरे. लिंबावरची अळी लहान असताना हुबेहूब पाखराची विष्ठा दिसते, मोठी झाली की हिरवीगार. हलकेच काडी लावली तर डोक्यामागून नारिंगी शिंगं काढते आणि उग्र वास सोडते. पहिल्यांदा पाहताना मीच दचकले होते.

सूक्ष्मदर्शकाचं म्हणाल तर बहुतेक शाळांत एक असतो आणि तो कपाटात असतो. मोडेल या भीतीनं कुलपात ठेवलेल्या भिंगावर बुरशी चढते आणि तो वापराविना बाद होतो. बाहेर काढा. फोल्डस्कोप हा कागदाचा सूक्ष्मदर्शकही कामाचा आहे. मनू प्रकाश आणि त्यांच्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सहकाऱ्यांनी तो २०१४ साली जगापुढे आणला. सुमारे १४० पट मोठं दिसतं आणि मुलांच्या हातून पडला तरी जीव थाऱ्यावर राहतो. कांद्याचा पापुद्रा, त्यावर मेडिकलमधल्या आयोडीन टिंचरचा पातळ केलेला थेंब, एवढ्यात पेशी दिसतात. मात्र काचपट्टीवर पापुद्रा सुरकुतला की हवेचे बुडबुडे अडकतात आणि काळ्या जाड कडेचा गोल बुडबुडा मुलांना पेशीपेक्षा जास्त आवडतो. पहिल्या वर्षी माझ्या वर्गानं पानभर बुडबुडे काढले. आता मी आधी मुद्दाम नुसत्या पाण्याचा बुडबुडा दाखवते, मग कांदा.

त्याहून मोठी अडचण म्हणजे मुलं भिंगातून बघतात आणि पुस्तकातलं चित्र काढतात. डोळ्याला केंद्रक दिसलेलं नसतं, तरी वहीत ते मधोमध, नावाच्या रेघेसह हजर. म्हणून चित्र काढताना पुस्तक दप्तरात, दप्तर वर्गाबाहेर. जे दिसलं तेच काढायचं, वेडंवाकडं चालेल. पहिले दोन महिने वह्या फार केविलवाण्या दिसतात. धीर धरा.

दिवाळीनंतर पट कमी होतो. कापूस वेचणी, ऊसतोड, कोणाची लहान भावंडं सांभाळायची. या दिवसांत नवा धडा रेटू नये असं माझं मत आहे. वेचणीला गेलेल्या मुलाला परत आल्यावर 'किती बुडालं' असं न विचारता 'काय पाहिलं' असं विचारावं. हरभऱ्याचं झाड मुळासकट हळूच उपटून, माती धुऊन मुळांवरच्या गाठी दाखवायला हाच काळ चांगला. गाठ नखानं फोडली की आतून गुलाबी निघते. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातलं प्रथिन त्यात असतं, आणि गाठ गुलाबी असेल तर आतले जीवाणू हवेतला नायट्रोजन झाडाच्या कामी लावत आहेत असं समजायचं. 'झाडाले रगत ऱ्हास का मॅडम?' हा प्रश्न दर वर्षी येतो, आणि त्यावर एक पूर्ण तास जातो. जाऊ द्या.

आणि केळी. रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात केळीशिवाय जीवशास्त्र शिकवणं मला जमणारच नाही. घड कापून झालेलं एक झाड शेतकऱ्याकडून मागून घ्या, जुने कपडे घालून या, कारण केळीच्या चिकाचा डाग निघत नाही. आडवा काप घेतला की दिसतं, आपण ज्याला खोड म्हणतो ते पानांच्या तळांचे एकावर एक गुंडाळलेले थर. मधला पांढरा गाभा हाच घड उचलून धरणारा दांडा, आणि तो निघतो जमिनीतल्या कंदातून. मग तीन केळी घ्या, एक हिरवं, एक निमपिकं, एक पिकलेलं, आणि चकत्यांवर आयोडीन टाका. हिरवी काळीनिळी होते, पिकलेली जेमतेम रंगते. कच्च्या केळ्याच्या गरात साधारण २० ते २५ टक्के स्टार्च असतो, पिकताना त्याची साखर होते. ज्यांच्या घरचा माल रायपनिंग चेंबरला, म्हणजे केळी पिकवण्याच्या खोलीत, जातो ती मुलं इथे तुम्हाला शिकवतील. आयोडीन लावलेल्या चकत्या लगेच गोळा करा आणि खायला वेगळी डझनभर केळी आणून ठेवा.

केळीला बी का नाही, हा प्रश्न पावरा या आदिवासी समाजातल्या एका मुलीनं विचारला होता. मी आधी मधोमध उभं कापलेलं केळं दिलं. तिला काळे ठिपके दिसले. ते न वाढलेल्या बीजांचे अवशेष. आपल्या केळीत गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असल्यानं बी धरत नाही, लागवड कंदानं किंवा टिश्यू कल्चरच्या रोपानं होते, म्हणून शेतातली सगळी झाडं जवळपास एकाच झाडाच्या प्रती. "मंग एकले रोग व्हयना ते सगळासले व्हई," असं शेजारचा म्हणाला. मी काहीच जोडलं नाही. ती मुलगी घरी पावरी बोलते, हा अहिराणी आणि मी प्रमाण मराठी. निरीक्षण ज्या भाषेत सुचलं त्याच भाषेत आधी ऐकून घ्यायचं, पुस्तकी शब्द पुढच्या तासाला दिला तरी चालतो.

आता तपासणीचं. अधिकाऱ्यांच्या एका भेटीत मला वर्गातच सुनावलं गेलं की धडा पाचवा हवा होता आणि तुमचा नववा चालू आहे, मुलं शेतात कशाला नेता. वाईट वाटलं. पण तेव्हापासून टाचण वहीत, म्हणजे पाठाच्या तयारीच्या वहीत, हंगामाचा तो कागद पहिल्याच पानाला चिकटवते, धडा क्रमांक आणि त्याचं कारण समोरासमोर. प्रयोग, प्रात्यक्षिक, उपक्रम ही आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनाची मान्य साधनंच आहेत, तेव्हा दोऱ्यांच्या नोंदी, वेडीवाकडी चित्रं, सगळं जपून ठेवा. सातपुड्याच्या पलीकडे मध्य प्रदेशात १९७२ साली १६ शाळांमध्ये होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, पुढे शेकडो सरकारी शाळांत पोचला आणि २००२ पर्यंत चालला. त्यात मुलं परिसरात फिरून शिकत आणि परीक्षेला पुस्तक उघडं ठेवून बसत. आपल्यासारख्याच गावांत, आपल्यासारख्याच शिक्षकांनी हे केलं, हे वाचून मला बळ आलं.

मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू झाली तेव्हा सहावीतल्या एका मुलीनं प्रश्नांच्या वहीत लिहिलं, 'मृगाचा किडा बाकीचे अकरा महिने कुठे राहतो?' जमिनीत, हे उत्तर मला माहीत होतं, पण दिलं नाही. शाळेमागच्या बांधाला आम्ही एक चौरस मीटर जागा दोरीनं आखून ठेवली आहे. शाळा उघडायच्या आत पाऊस आला तर जवळ राहणाऱ्या दोघी रोज सकाळी तिथे जाऊन मोजणार आहेत. वही आणि भिंग त्यांच्या घरी देऊन ठेवलं आहे.