एअर रायफलचे छर्रे: लॉट कसा निवडायचा, कसा तपासायचा

१० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका अवघा ०.५ मि.मी.चा असतो आणि छर्रा ४.५ मि.मी.चा. छऱ्याचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून २.५ मि.मी.वर आला की १०.० मिळतात, तिथून दर पाव मिलिमीटर आत सरकलं की एक दशांश वाढतो, कमाल १०.९. बीजिंगमध्ये २००८ साली अभिनव बिंद्राचा शेवटचा शॉट १०.८ होता, म्हणजे मध्यापासून अर्ध्या मिलिमीटरच्या आत. पात्रता फेरीत ६० शॉट असतात. प्रत्येक शॉट सरासरी पाव मिलिमीटरने सुधारला, तर बेरजेत ६ गुणांची भर पडते. छऱ्यांची एवढी चिकित्सा होते ती यामुळे.

पण ती प्रत्येकाने करावी असं नाही. नेमबाजाचा पसारा आणि छऱ्याचा पसारा सरळ बेरजेने वाढत नाहीत. दोघांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचं. तुमचा हात १२ मि.मी.चा ग्रुप (एकमेकांपासून सर्वांत दूरच्या दोन भोकांमधलं अंतर) देत असेल आणि छर्रा ३ मि.मी.चा, तर कार्डावर साधारण १२.४ मि.मी. दिसेल. छर्रा बदलून त्याचा पसारा १ मि.मी.वर आणला, तरी १२.०. फरक डोळ्यांना दिसणारही नाही. हाताचा ग्रुप ४ मि.मी.वर आला की मात्र तोच बदल ५.० वरून ४.१ वर आणतो. तेव्हा कार्डावर अजून नऊ आणि आठ पडत असतील, तर पैसे नीट बसणाऱ्या जॅकेटवर आणि बुटांवर घाला. सरावाला एकाच प्रकारचे बऱ्यापैकी मॅच छर्रे वापरा आणि पुढचं सगळं वर्षभर बाजूला ठेवा.

छर्रा सपाट डोक्याचाच हवा. कार्डाला स्वच्छ गोल भोक तोच पाडतो. टोकदार आणि घुमटाकार छर्रे या खेळात कामाचे नाहीत. रायफलसाठीचे मॅच छर्रे साधारण ०.५३ ग्रॅमचे असतात, पिस्तुलासाठीचे थोडे हलके. आरडब्ल्यूएस आर१०, एच अँड एन फिनाले मॅच, जेएसबी ही नावं प्रत्येक रेंजवर ऐकू येतात. डबीवर डोक्याचा व्यास लिहिलेला असतो, ४.४९, ४.५० किंवा ४.५१. मात्र नाव आणि व्यास यांपेक्षा लॉट क्रमांक, म्हणजे एका खेपेत बनलेल्या छऱ्यांचा क्रमांक, महत्त्वाचा. एकाच कंपनीचे, एकाच व्यासाचे दोन लॉट तुमच्या बॅरलमधून वेगळे वागतात. मित्राच्या रायफलीत सुंदर चाललेला लॉट तुमच्या रायफलीत चालेलच, असं धरू नका. दोन्ही रायफली एकाच मॉडेलच्या असल्या तरी.

चाचणीसाठी चार-पाच लॉटची एकेक डबी घ्या. रायफल शिकंज्यात किंवा टेस्ट स्टँडवर बांधा. बेंचवर वाळूच्या पिशव्यांवर टेकवूनही काम होतं, पण मग हाताचा भाग आकड्यात मिसळतो. प्रत्येक लॉटचे पहिले दहा छर्रे मोजू नका; बॅरलला नव्या शिशाची सवय होऊ द्या. नंतर दहा-दहा शॉटचे पाच ग्रुप घ्या. पाच शॉटच्या एका ग्रुपवर निर्णय घेणं म्हणजे नाणं उडवणं. कार्ड ताणून लावा, मागे जाड पुठ्ठा द्या, नाहीतर भोकाच्या कडा फाटतात आणि माप चुकतं. व्हर्नियरने बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजा आणि ४.५ वजा करा. पाच ग्रुपची सरासरी लिहा, सर्वांत मोठा ग्रुपही लिहा. एखादा लॉट चार वेळा १ मि.मी. आणि पाचव्यांदा ३ देत असेल, तर तो सरावाला. दोन लॉटच्या सरासरीत ०.२ मि.मी.चाच फरक असेल, तर स्वस्त असेल तो घ्या. लॉट ठरला की त्याच्या जमतील तेवढ्या डब्या एकदम विकत घ्या, कारण तो पुन्हा मिळत नाही.

छर्रे वजन करून निवडण्याचा उद्योग मला फारसा पटत नाही. पाच मिलिग्रॅमच्या फरकाने १० मीटरवर सुमारे ०.१५ मि.मी. वरखाली होतं. त्यापेक्षा डबी पांढऱ्या कापडावर ओतून स्कर्ट (मागची पोकळ, पातळ कड) वाकलेले छर्रे वेगळे काढणं जास्त उपयोगी. ग्रुप छान असताना एकच शॉट भलतीकडे जातो, त्यामागे बहुधा असाच छर्रा असतो.

चाचणीच्या आधी रायफलच्या सिलिंडरमधली, छर्रा ढकलणारी हवा तपासा. १७२ मीटर प्रति सेकंद वेगाने छर्रा १० मीटरवर साधारण १६.५ मि.मी. खाली येतो. वेगात २ मीटरचा फरक पडला की जवळपास ०.४ मि.मी. वरखाली, म्हणजे दीड दशांश. क्रोनोग्राफवर (छऱ्याचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) दहा शॉटमधला सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वेग यांत ३ मीटरपेक्षा जास्त अंतर असेल, तर दोष छऱ्यात शोधू नका, रेग्युलेटर (प्रत्येक शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) कारागिराला दाखवा. बराच वेळ थांबल्यावरचा पहिला शॉट नेहमी वर जात असेल, तरी संशय रेग्युलेटरवरच. सिलिंडर रिकामा होत आला की शॉट हळूहळू खाली उतरतात. दाब किती बारवर उतरला की पुन्हा भरायचा तो आकडा मॅन्युअलमध्ये असतो, त्याच्या थोडं आधीच भरा. भरताना घाई केली की हवा तापते आणि काटा २०० बार दाखवतो. थंड झाल्यावर तोच खाली आलेला दिसतो. कोकणासारख्या दमट हवेत हातपंपाने भरलं, तर पाणी आत जातं, म्हणून ड्रायर असलेला कंप्रेसर बरा. ऑक्सिजन कधीही भरायचा नाही, जोडणीला साधं तेल लावायचं नाही. दोन्हींनी स्फोट होऊ शकतो. सेकंडहँड रायफल घेताना सिलिंडरवरची मुदत आधी वाचा. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेच्या तपासणीत अडू शकतो.

ग्रुप दोन ठिकाणी फुटत असेल, तर साइट किंवा स्टॉकचा स्क्रू ढिला आहे का ते पाहा. उभी रेघ पडत असेल, तर हवा किंवा श्वास. आडवी रेघ बहुधा ट्रिगरवरच्या बोटाची किंवा तोलाची असते. हे सगळं बाद झाल्यावरच लॉट बदला.

बॅरल साधारण पाचशे शॉटनंतर फेल्टच्या गोळ्यांनी साफ करा: पहिलीला क्लीनरचा एखादा थेंब, नंतर दोन-तीन कोरड्या. साफ केल्यावर पंधरा-वीस शॉट ग्रुप भटकतो, त्यामुळे सामन्याच्या दिवशी सफाई नको. छर्रा दर वेळी अंगठ्याच्या सारख्याच दाबाने बसवा. डबी खिशात खुळखुळवू नका. छर्रे तोंडात धरायची सवय असेल, तर आजच सोडा. शिसं आहे ते; रेंजवरून निघताना साबणाने हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावू नये. आणि रेग्युलेटर दुरुस्त होऊन आला की लॉटची चाचणी पुन्हा करावी लागते, कारण वेग बदलला की आधीचा क्रम टिकेलच असं नाही.