आधी क्लबफेस, मग पाय: गोल्फमध्ये नेम धरायचा सराव

होलवरच्या झेंड्याकडे रोखायचा तो क्लबफेस, म्हणजे क्लबचा चेंडूला लागणारा सपाट भाग. पाय, कंबर आणि खांदे चेंडूपासून झेंड्याकडे जाणाऱ्या रेषेला समांतर ठेवायचे. उजव्या हाताने खेळणारे बरेच जण शरीरच झेंड्याकडे रोखतात. मग क्लबफेसही उजवीकडे वळतो, आणि ते सावरायला क्लब नकळत बाहेरून आत ओढला जातो. लोक स्विंग दुरुस्त करत बसतात. बिघाड असतो उभं राहण्यात. (डावखुऱ्यांनी दिशा उलट धराव्यात.)

सरावाला दोन अलाइनमेंट स्टिक (दिशा दाखवायला जमिनीवर ठेवायच्या सरळ काठ्या) आणि ७ आयर्न, म्हणजे मधल्या पल्ल्याचा क्लब, पुरे. चेंडूच्या मागे उभं राहून टार्गेट नक्की करा. त्याच रेषेत चेंडूपुढे दोन-तीन फुटांवर एखादी खूण हेरा: गवताचा वेगळा तुरा, जुना डिव्हट (क्लबने उकरलेली जमीन), काहीही. दीडशे मीटरवरच्या झेंड्यापेक्षा या खुणेवर क्लब रोखणं कितीतरी सोपं. एक स्टिक चेंडूच्या किंचित पलीकडे, टार्गेटच्या रेषेला समांतर ठेवा. दुसरी पायांच्या बोटांपुढे, पहिलीला समांतर.

आता क्रम पाळा. आधी क्लब चेंडूमागे टेकवून त्याची लिडिंग एज, म्हणजे फेसची खालची कड, खुणेच्या रेषेला काटकोनात आणा. वरच्या कडेवरून अंदाज घेतला तर फसगत होते. त्यानंतरच पाय लावा. टार्गेट पुन्हा पाहताना मान फक्त वळवा; मान उचलली की खांदे उघडतात, म्हणजे टार्गेटच्या डावीकडे वळतात.

खांदे नीट तपासा, कारण पाय बरोबर असूनही तेच दगा देतात. ग्रिपवर उजवा हात खाली असतो, त्यामुळे उजवा खांदा सहज पुढे येतो. चेंडू फार पुढे, म्हणजे डाव्या पायाकडे ठेवला तरी तेच होतं. क्लब छातीवर आडवा धरा आणि त्याची दिशा जमिनीवरच्या स्टिकशी ताडून पाहा. पाय तपासताना टाचांची रेषा बघा. डावं पाऊल बाहेर वळलेलं असेल तर बोटांची रेषा चुकीची दिसते.

शरीराची रेषा झेंड्याच्या 'बरीच डावीकडे' जाते, हा गैरसमज. समांतर रेषांतलं अंतर वाढत नाही, म्हणून दीडशे मीटरवरही ती साधारण मीटरभरच डावीकडे असते. उलट, क्लबफेस १ अंशाने चुकला तर तिथे सुमारे २.६ मीटरचा फरक पडतो, ५ अंशांनी चुकला तर १३ मीटरचा.

पाच चेंडू स्टिक ठेवून मारा. पुढचे पाच स्टिकशिवाय, दर चेंडूला वेगळं टार्गेट घेऊन. स्टान्स घेतल्यावर, म्हणजे पाय लावून उभं राहिल्यावर, क्लब बोटांपुढे जमिनीवर ठेवा आणि मागे जाऊन पाहा. रेंजवरच्या (सरावाच्या मैदानावरच्या) चटईच्या कडेवर भरवसा नको, ती तुमच्या टार्गेटकडे असेलच असं नाही. टी-बॉक्सचंही, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेचंही, तसंच.

स्पर्धेत मात्र दिशेसाठी जमिनीवर ठेवलेल्या वस्तूच्या आधाराने स्टान्स घेतला तर नियम १०.२ब नुसार स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या प्रकारात) दोन फटक्यांचा दंड होतो, वस्तू नंतर उचलली तरी.