जबडा कटकटतो, दुखतो: दात कानसून घेण्याआधी एवढं करा

आधी आरशासमोर तोंड पूर्ण उघडा आणि स्वतःचीच मधली तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालून बघा. तिन्ही सहज गेली तर तोंड नीट उघडतंय. मोठ्या माणसाचं साधारण ४० ते ५५ मिलिमीटर उघडतं. कानापुढे नुसता कट्ट आवाज येतो, पण दुखत नाही आणि अडकतही नाही, तर उपचार लागत नाहीत. जबड्याच्या सांध्यातली पुढे सरकलेली चकती तोंड उघडताना जागेवर येते, त्याचा तो आवाज.

दोनच बोटं जातात, गाल आतून पांढुरका आणि ताठ लागतो, मिसळीच्या रश्श्याने आग होते, शिवाय सुपारी-गुटख्याची सवय आहे? मग दुखणं बहुधा सांध्याचं नाही. ही कॅन्सरपूर्व अवस्था असू शकते. सवय आजच सोडा आणि याच आठवड्यात दाखवा. नाशिकला पंचवटीतल्या केबीएच डेंटल कॉलेजात जात असाल तर ओरल मेडिसिन विभाग विचारा.

सांधाच दुखत असेल तर दोन-तीन आठवडे घरीच पथ्य पाळा. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला: जेवण सोडून दिवसभर हेच. ऊस, कडक चिवडा, अख्खा पेरू बंद. भाकरी दुधात कुस्करून खा. गरम ओल्या फडक्याने १५ ते २० मिनिटं शेका, दिवसातून दोनदा. जांभई आली की हनुवटीखाली मूठ लावा.

एवढ्याने भागलं नाही तर नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर घालायचं आवरण. तो कडक अ‍ॅक्रिलिकचा, तुमच्याच दातांच्या मापाचा आणि त्या जबड्याचे सगळे दात झाकणारा हवा. तयार मिळणाऱ्या मऊ गार्डवर काही जण उलट जास्तच दात आवळतात. फक्त पुढचे दात झाकणारा गार्ड फार काळ वापरला तर मोकळ्या दाढा वाढतात आणि चावा, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्याची पद्धत, बिघडतो. बसवताना डॉक्टर रंगीत कागद चाववतात. दोन्हीकडच्या दाढांच्या खुणा सारख्या उमटल्या पाहिजेत आणि जबडा बाजूला सरकवला की दाढा सुटून फक्त सुळे टेकले पाहिजेत. एक-दोन आठवड्यांनी हे पुन्हा तपासून घ्यावंच लागतं, कारण स्नायू सैल झाले की जबड्याची ठेवण किंचित बदलते. लोक नेमकी हीच खेप चुकवतात, मग गार्ड टोचतो म्हणून कपाटात जातो. गार्ड फक्त रात्री घाला आणि थंड पाण्याने धुवा. गरम पाण्याने तो वाकतो. सकाळी चावा थोडा वेळ वेगळा वाटणं चालतं. दिवसभर तसाच राहिला तर गार्ड बंद करून डॉक्टरांना दाखवा.

चावा जुळवायचा म्हणून चांगले दात कानसायला मात्र घाईने होकार देऊ नका. त्याने सांध्याचं दुखणं बरं होतं याला भक्कम पुरावा नाही, आणि गेलेलं इनॅमल परत येत नाही. नवी कॅप किंवा फिलिंग उंच लागत असेल तर गोष्ट वेगळी: तेवढाच उंचवटा लगेच काढून घ्या, काही मिनिटांचं काम असतं.

तोंड उघडंच अडकलं तर घरी हिसके देऊ नका, तडक दवाखाना गाठा.