भाड्याच्या घरात सुधारणा करताय? या चुका टाळा

भाड्याने दिलेल्या घरात मोठे काम काढले की तीन आकडे हलतात: भाडे, घराची किंमत आणि कर. तिन्ही सारखेच आणि आपल्याच बाजूने हलतील असे धरून चालणे ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक. म्हणून आधी एक हिशेब मांडू.

समजा महिन्याचे भाडे 100 आहे. स्वयंपाकघर नव्याने करायला 2,000 लागले, म्हणजे वीस महिन्यांचे भाडे. काम झाल्यावर भाडे 110 झाले. वर्षाला 120 जास्त मिळू लागले. नुसता भागाकार केला तरी पैसे सुटायला साडेसोळा वर्षांहून अधिक काळ लागतो. कामासाठी घर दोन महिने रिकामे ठेवले असेल तर आणखी 200 गेले आणि मुदत अठरा वर्षांच्या पुढे सरकली. तोवर ते स्वयंपाकघर पुन्हा जुने झालेले असेल. उलट गळती थांबवणे, ओल काढणे, वायरिंग नीट करणे या कामांनी भाडे फारसे वाढत नाही, पण भाडेकरू टिकतो. घर एक महिना रिकामे राहिले की वर्षाच्या भाड्यातले 8.3 टक्के बुडतात. हे नुकसान टळले तर तीही कमाईच, आणि ती हिशेबात धरणारे फार थोडे.

खर्च म्हणजे किंमत नव्हे

भाड्यावर चालणाऱ्या इमारतीची किंमत बहुधा निव्वळ उत्पन्नावरून काढतात: वर्षाचे निव्वळ उत्पन्न भागिले बाजारातला परताव्याचा दर. वरच्या उदाहरणात उत्पन्न 120 ने वाढले आणि दर 6 टक्के असला, तर किंमत 2,000 ने वाढते. खर्च जेमतेम भरून निघतो. दर 8 टक्के असला तर वाढ 1,500 चीच. त्यातच मालमत्ता कर वर्षाला 20 ने वाढला तर निव्वळ वाढ 100 वर येते आणि 6 टक्क्यांनीही किंमत सुमारे 1,667 नेच वर जाते.

एकट्या फ्लॅटचे गणित वेगळे. तिथे खरेदीदार शेजारचा तसाच फ्लॅट अलीकडे कितीला गेला ते बघतो. आजूबाजूच्या घरांपेक्षा फारच भारी काम केले, तर त्याचा मोठा भाग परत येत नाही.

दुरुस्ती आणि सुधारणा एकाच बिलात

इथे गोंधळ सर्वात जास्त होतो. घर होते तसे ठेवणारा खर्च ही दुरुस्ती. त्याचे आयुष्य, क्षमता किंवा उपयोग वाढवणारा खर्च ही सुधारणा. फुटलेल्या चार फरशा बदलणे आणि सगळी जमीन उखडून नवी घालणे या दोन गोष्टी कर खात्याच्या नजरेत सहसा एक नसतात. अमेरिकेत भाड्याच्या घराची दुरुस्ती साधारणपणे त्याच वर्षीच्या उत्पन्नातून वजा होते, तर सुधारणेचा खर्च निवासी घरासाठी 27.5 वर्षांत घसारा म्हणून, म्हणजे दरवर्षी थोडाथोडा वजा करत, विभागावा लागतो. भारतात घरभाड्याच्या उत्पन्नावर, भरलेला मालमत्ता कर वजा केल्यावर, सरसकट 30 टक्के वजावट मिळते; दुरुस्तीवर प्रत्यक्ष किती घातले याने ती बदलत नाही. म्हणजे एका देशातला सल्ला दुसऱ्या देशात सरळ नुकसान करू शकतो. व्हिडिओ बघून निर्णय घेणाऱ्यांनी तो कुठल्या देशाचा आहे हे आधी बघावे.

कंत्राटदाराकडून दोन्ही कामांची वेगळी रक्कम लिहून घ्या. ‘घराचे काम, एकूण इतके’ एवढेच लिहिलेले बिल पुढे फारसे उपयोगी पडत नाही. सुधारणेचा खर्च, घसारा म्हणून आधीच वजा केलेला भाग सोडून, विक्रीच्या वेळी घराच्या मूळ खर्चात मिळवता येतो आणि करपात्र नफा तेवढा कमी होतो; पण विक्री पंधरा वर्षांनी झाली आणि बिलेच नसली, तर ही सवलत सिद्ध करणार कशी? बिल, बँकेतून पैसे दिल्याची नोंद, कामाआधीचे आणि नंतरचे फोटो एकत्र ठेवा. एकच खर्च आधी दुरुस्ती म्हणून वजा करायचा आणि विक्रीवेळी पुन्हा मूळ खर्चात धरायचा, हे मात्र चालत नाही.

मालमत्ता कर अचानक वाढला तर

रंग किंवा फरशीमुळे सहसा काही होत नाही. क्षेत्रफळ वाढले, बाल्कनी खोलीत घेतली, वापर निवासीचा व्यावसायिक झाला, की फेरमूल्यांकनाची शक्यता असते. कॅलिफोर्नियात 1978 च्या प्रॉपोझिशन 13 नंतर (मालमत्ता करावर मर्यादा घालणारा, मतदारांनी मंजूर केलेला नियम) घरात काम केले तर नव्या बांधकामापुरतेच फेरमूल्यांकन होते, नेहमीची देखभाल त्यात येत नाही. सगळीकडे इतकी स्पष्ट रेषा नसते. म्हणून नकाशा मंजूर करून घेतानाच नवा कर किती येईल ते विचारा. परवानगीविना वाढवलेला भाग विक्रीच्या आणि कर्जाच्या वेळी अडतो, हे वेगळेच.

नोटीस आलीच तर मोजलेले क्षेत्रफळ, बांधकामाचे वर्ष आणि वापराचा प्रकार या तीन नोंदी आधी तपासा. चूक दिसली तर हरकतीच्या मुदतीत, मंजूर नकाशा जोडून, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.