कोई आणायच्या आधी हौदाला दीड महिना द्या

घरामागे छोटा पाँड करून त्यात कोई, म्हणजे जपानी रंगीत मासे, सोडायचे असं खूप जणांच्या मनात असतं, आणि बहुतेक वेळा होतं काय की शनिवारी हौद बांधून होतो, रविवारी मासे येतात आणि पुढच्या दोन आठवड्यांत एकेक मासा उलटा तरंगायला लागतो, मग सगळे म्हणतात आपल्याकडची हवा कोईला मानवत नाही. हवेला उगाच बोल लावतो आपण. मासे मरतात ते नव्या सिमेंटने आणि स्वतःच्याच घाणीने. आमच्याकडे नाशिकला मागच्या अंगणात हौद आहे, सासऱ्यांनी झाडांना पाणी घालायला बांधलेला, त्याचाच आम्ही सात वर्षांपूर्वी पाँड केला, त्यात जे जे कळत गेलं ते सांगते.

आधी माप. खोली चार फूट तरी हवीच, दोन फुटांचा उथळ हौद दिसायला छान पण मे महिन्यात त्याचं पाणी दुपारी कढत होतं आणि बगळ्याला मासा उचलायला सोपं जातं. लांबी, रुंदी, खोली फुटांत गुणा आणि त्याला २८ ने गुणा की साधारण लिटर येतात. आमचा हौद १० बाय ६ बाय ४, म्हणजे ६७०० लिटरच्या आसपास. मोठ्या कोईला निदान १००० लिटर धरायचे, म्हणजे आमच्यात सहाच मासे. दुकानात चार इंचाचं पिल्लू बघून सहाचा आकडा फार कमी वाटतो, पण ते पिल्लू नीट खाऊपिऊ घातलं तर काही वर्षांत दीड-दोन फुटांचं होतं आणि २०-२५ वर्षं सहज जगू शकतं, तेव्हा पिल्लाकडे बघून हिशोब करू नका.

नवीन सिमेंटचा हौद असेल तर त्यातून चुना सुटत राहतो आणि पाण्याचा पीएच (आम्ल-अल्क मोजायचा आकडा) दहाच्या वर जातो, त्यात मासा टिकणारच नाही. हौद पूर्ण भरून तीन-चार दिवस ठेवायचा, उपसायचा, परत भरायचा, असं दोन-तीन आठवडे चालू द्या. आतून माशांना चालणारं वॉटरप्रूफ कोटिंग मारलं तर अजून चांगलं. पीएच साडेआठच्या खाली स्थिर झाला की पुढचं काम. तळाला मधोमध उतार देऊन चार इंची ड्रेन पाइप बांधतानाच टाकून घ्या, नंतर टाकता येत नाही आणि सगळी घाण तिथेच गोळा होते.

आता फिल्टर, आणि इथे कृपा करून पैसे वाचवू नका, वाचवायचेच असतील तर माशांवर वाचवा. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो, तो विषारी. फिल्टरमध्ये वाढणारे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी, मग दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, जे बऱ्यापैकी निरुपद्रवी असतं आणि झाडांना खत म्हणून चालतं. म्हणजे फिल्टर फक्त कचरा गाळायला नसतो, या जिवाणूंचं ते घर असतं. तयार फिल्टर महाग वाटला तर २०० लिटरचे दोन निळे ड्रम घ्या, पहिल्यात ब्रश किंवा शेडनेटचे बोळे भरून घाण अडवायची, दुसऱ्यात भांडी घासायच्या नायलॉनच्या घासण्या किंवा बायोबॉल (प्लास्टिकचे जाळीदार गोळे) खच्चून भरायचे आणि तिथून पाणी धारेने हौदात परत पाडायचं. पंप असा घ्या की दोन तासांत सगळं पाणी एकदा फिल्टरमधून जाईल, आमच्यासाठी ताशी साडेतीन हजार लिटर, पण डब्यावर लिहिलेला आकडा पाणी उंच चढवलं की कमी होतो म्हणून एक नंबर मोठाच घेतला. आम्ही परतीच्या वाटेवर एका टबात कर्दळ लावलीय, तिची मुळं नायट्रेट ओढून घेतात आणि वर्षभर फुलते.

हा पंप चोवीस तास चालू. लाइटबिलासाठी रात्री बंद करायचा विचारसुद्धा करू नका, जिवाणूंना सतत ऑक्सिजन लागतो. लाइट गेली आणि पंप पाच-सहा तास बंद राहिला तर चालू करताना ड्रममधलं साचलेलं पाणी आधी बाहेर सोडा, ते कुजकं पाणी हौदात गेलं तर वाईट. इन्व्हर्टरवर निदान पाण्यात हवा सोडणारा एअर पंप तरी जोडून ठेवा.

आणि हे जिवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. रिकाम्या हौदात पंप चालू ठेवायचा, रोज चिमूटभर माशांचा दाणा टाकायचा म्हणजे तो कुजून अमोनिया होईल, आणि टेस्ट किटने बघत राहायचं. माझ्या किटमध्ये अमोनिया नसेल तर नळीतलं पाणी पिवळं राहतं, असेल तर हिरवट होतं. आमच्याकडे तिसऱ्या आठवड्यात हिरवा रंग फिका व्हायला लागला, तेव्हा नायट्राइट वर चढलं, आणि सहाव्या आठवड्यात एका सकाळी दोन्ही शून्य आले. या काळात घरातले सगळे विचारणार, मासे कधी आणायचे. थांबा. कुणाच्या चालू पाँडमधला जुना मीडिया, म्हणजे फिल्टरमधल्या घासण्या किंवा बायोबॉल, मिळाला तर काम लवकर होतं, फक्त त्या पाँडमध्ये रोग नसल्याची खात्री करा. मीडिया धुवायचा तो हौदाच्याच पाण्यात, नळाखाली कधीच नाही.

नळाचं सांगते, कारण ते मला फार महागात पडलंय. दुसऱ्या वर्षीच्या एप्रिलमध्ये पाणी चार बोटं खाली गेलं होतं म्हणून मी संध्याकाळी नळीने पाणी सोडलं आणि घरात पाहुणे आले त्या गडबडीत नळी तशीच राहिली, रात्रभर. सकाळी हौद काठोकाठ, पाणी अगदी स्वच्छ, आणि तीन मासे तळाला आडवे. कल्ले उचलून बघितले तर एरवी लालभडक असतात ते राखाडी पडलेले, कडा झिजलेल्या. क्लोरीनने जळले होते. त्या दिवशी मी स्वयंपाक केला नाही. तेव्हापासून नळाचं पाणी थेट हौदात जात नाही, ड्रममध्ये भरून एक-दोन दिवस उघडं ठेवते, घाई असेल तर सोडियम थायोसल्फेट घालते, त्याचे खडे मिळतात, १००० लिटरला १० ग्रॅम पुरतात. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलते, म्हणजे साधारण साडेतीन ड्रम, निघालेलं पाणी कढीपत्त्याला आणि चिकूला जातं. बोअरचं पाणी असेल तर त्यात क्लोरीन नसतं पण ऑक्सिजनही कमी असतो, तेव्हा उंचावरून धार पाडूनच सोडा.

मासे निवडताना रंगाआधी चाल बघा. सरळ, सावकाश पोहणारा, पर पसरलेले, बोट दाखवलं की वर येणारा मासा घ्या, कोपऱ्यात एकटा बसलेला कितीही देखणा असला तरी नको, आणि त्याच टाकीत दुसरा कुठलाही मासा आजारी दिसला तर त्या टाकीतलं काहीच नको. पांढऱ्यावर लाल म्हणजे कोहाकू, त्यात काळे ठिपके आले की सांके, आणि काळ्या अंगावर लाल-पांढरा म्हणजे शोवा, एवढी ओळख सुरुवातीला पुरे. आपल्या बाजारात देशी पैदाशीचे कोई मिळतात, चेन्नईचं कोलाथूर तर शोभेच्या माशांसाठी प्रसिद्धच आहे. नवख्यांनी देशीच घ्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

घरी आणल्यावर मासा लगेच हौदात नाही, आधी वेगळ्या टाकीत. पिशवी वीस मिनिटं तिथल्या पाण्यावर तरंगत ठेवा, मग मासा हाताने उचलून सोडा, पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. खूप लांबून आलेली पिशवी असेल तर उघडल्यावर वेळ घालवू नका, उघडताच आतला कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच वाढतो आणि साठलेला अमोनिया जास्त विषारी होतो. नवीन मासा या ५०० लिटरच्या टाकीत तीन-चार आठवडे, हवा चालू, वर जाळी, आणि लिटरला ३ ग्रॅम जाडं मीठ, म्हणजे दीड किलो. मीठ उडून जात नाही, त्यामुळे जेवढं पाणी बदललं तेवढ्याचंच परत घालायचं. कोई हर्पिस म्हणून एक विषाणू आहे, त्याला औषध नाही आणि वाचलेला मासाही तो पसरवू शकतो, म्हणून हा महिनाभराचा एकांत टाळू नका.

खाणं दिवसातून दोनदा, पाच मिनिटांत संपेल एवढंच. कोईला पोटाची पिशवीच नसते, अन्न सरळ आतड्यात जातं, त्यामुळे एकदम भरपूर खाऊ घालून उपयोग नाही, उरलेलं सगळं पाण्यातच कुजतं. ब्रेड, पोळी, भात नको. कधीतरी उकडलेले मटार, कलिंगडाची फोड चालते. आमचा मोठा कोहाकू तर माझी पाटली वाजली तरी काठाशी येतो, तोंडाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन मऊ मिशा आहेत त्या आधी बोटाला लागतात आणि मग तो बोटाचं टोक ओढून बघतो, दात लागत नाहीत कारण ते घशात असतात.

मूळचा हा मासा जपानच्या नीगाता भागातला, डोंगरात भातशेती करणाऱ्यांनी हिवाळ्यात खायला पाळलेल्या कार्पमधून एकोणिसाव्या शतकात रंगीत पिल्लं निवडत निवडत तयार केलेला, आणि १९१४ च्या टोकियोतल्या प्रदर्शनानंतर सगळीकडे नाव झालं. तिथे माणूसभर बर्फ पडतो. म्हणून आपल्या थंडीची काळजी करू नका, पाणी गार पडलं की खाणं कमी करा, दहा अंशांखाली गेलं तर बंद करा, बस. खरी परीक्षा एप्रिल-मे. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसातच. त्यात पाणी हिरवं असेल तर शेवाळही रात्री ऑक्सिजन खातं आणि पहाटे सगळ्यात कमी उरतो. उन्हाळ्यात एकदा पहाटे पाचला टॉर्च घेऊन बघा, मासे वर येऊन तोंड मारत असतील तर हवा कमी पडतेय. आम्ही होळीनंतर अर्ध्या हौदावर हिरवी शेडनेट बांधतो आणि दुसरा एअर स्टोन (एअर पंपाच्या नळीला लावायचा बुडबुडे सोडणारा दगड) सोडतो.

पावसाळ्यात गच्चीचं आणि बागेचं पाणी आत येऊ देऊ नका, काठ जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेवा आणि जादा पाण्याला जाळी लावलेला पाइप काढा. पावसाच्या पाण्यात क्षार नसतात, सलग झडीत पीएच घसरतो, त्यासाठी समुद्राच्या शिंपल्या धुऊन फिल्टरमध्ये पिशवीत ठेवल्या की पुरतं. खंड्या आणि ढोकरी यांच्यासाठी वरून जाळी लागतेच. मासा अंग घासायला लागला तर लगेच औषध ओतू नका, आधी पाणी तपासा, मग अंगावर उवा किंवा दोऱ्यासारखे किडे दिसतात का बघा.

मासे जास्त झाले तर नदीत सोडू नका. कोई म्हणजे कार्पच, मच्छीमार ज्याला सायप्रिनस म्हणतात त्याच घरातला, तळ उकरून पाणी गढूळ करतो आणि आपल्या माशांच्या पोटावर येतो. ज्यांच्याकडे पाँड आहे त्यांना द्या. आम्ही मागच्या वर्षी दोन शोवा ओळखीच्या घरी दिले, मासे न्यायच्या महिनाभर आधीच त्यांना आमच्या ड्रममधल्या जुन्या घासण्या पिशवीत भरून दिल्या होत्या, ओल्याच.